पुनर्वसूच्या मागून एकसष्ट मिनिटांनी: अंधुक जोडताऱ्यातला राक्षस गच्चीवरून कसा मोजायचा

पुष्य नक्षत्र मुंबईत आता पंचांगातच उरलंय. मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना तिसऱ्या प्रतीपलीकडचं (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) काही दिसलं तर ती रात्र चांगली म्हणायची, आणि पुष्याचे तारे चौथ्या-पाचव्या प्रतीचे. त्यांच्याही उत्तरेला, कर्क राशीच्या वरच्या टोकाला, आयोटा कॅन्क्री नावाचा जोडतारा आहे. थोरला पिवळा, ४.० प्रतीचा. धाकटा निळसर पांढरा, ६.६ प्रतीचा. दोघांमध्ये साधारण ३०.५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). थोरला राक्षसी तारा आहे, म्हणजे गाभ्यातला हायड्रोजन संपवून फुगलेला. धाकटा अजून शहाण्यासारखा मुख्य श्रेणीवर बसून हायड्रोजन जाळतोय.

राक्षस एकटा असला की त्याचं वस्तुमान काढणं महाकठीण. दीडपट सूर्याचा तारा असो की अडीचपट, म्हातारपणी सगळे एचआर आकृतीच्या (ताऱ्यांच्या तापमान आणि तेजाच्या आलेखाच्या) त्याच एका कोपऱ्यात दाटीवाटीने येऊन बसतात. रंग तोच, तेज जवळपास तेच. शेजारी त्याच वेळी जन्मलेला साधा तारा असला तर मात्र तो साक्ष देतो. म्हणून मी जोडतारे बघतो. मुंबईसारख्या शहरात तेजोमेघ आणि दीर्घिका दिव्यांच्या उजेडात विरघळून जातात, पण तारा हा बिंदू असतो. बिंदूचा प्रकाश पसरत नाही, त्यामुळे उजळ आकाशातही तो टिकून राहतो.

खाली जे सांगतोय त्याला लागतं काय? ८० मिलिमीटरची साधी दुर्बीण पुरते, माझी सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) आहे. मोबाइलचं स्टॉपवॉच, कंपासपेटीतला कोनमापक, आणि वर्गमूळ व लॉग काढता येईल असं एखादं एक्सेल. आणि गच्चीची किल्ली. ती मिळवायची पायरी प्रत्येक सोसायटीत वेगळी, तिथे मी काही मदत करू शकत नाही.

शोधायचा कसा

चौथ्या प्रतीचा तारा शहरातून शोधायचा म्हणजे आधी ठळक ताऱ्याचा हात धरायचा. पुनर्वसूचे दोन तारे, कॅस्टर आणि पोलक्स, मुंबईतूनही सहज दिसतात. पोलक्सची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर, २८ अंश, आयोटाची पावणेएकोणतीस. म्हणजे दोघे आकाशात जवळजवळ एकाच रुळावरून जातात, आयोटा फक्त एकसष्ट मिनिटं मागे.

तेव्हा दुर्बीण पोलक्सवर लावायची, मग साधारण पाऊण अंश उत्तरेला सरकवायची (पूर्ण चंद्राच्या दीडपट रुंदीएवढी), वेळ टिपायची आणि हात काढून घ्यायचा. पृथ्वी फिरते, एकसष्ट मिनिटांनी आयोटा आपण होऊन आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) येतो. मोटर नको, जीपीएस नको. डॉब्सोनियन वापरणाऱ्यांना माहीत आहे की डोक्यावरच्या भागात ती हलवणं म्हणजे रडगाणं, नेमकं तिथे हलवायचंच नसेल तर उत्तमच. धोका एकच: त्या तासाभरात कुणाचा धक्का लागू नये. माझ्या दुर्बिणीला एकदा वाळत घातलेल्या चादरीने ढकललं आणि मी पावणेदोन तास रिकाम्या आकाशाकडे श्रद्धेने बघत बसलो.

मुंबईचे अक्षांश १९, त्यामुळे ही जोडी माथ्यावर येते तेव्हा खस्वस्तिकापासून (डोक्यावरच्या नेमक्या बिंदूपासून) दहा अंशसुद्धा दूर नसते. क्षितिजाजवळचा धुरकट थर तिला लागतच नाही. फेब्रुवारीच्या मध्यात ती रात्री साडेअकरा-पावणेबाराला माथ्यावर असते, मार्चच्या मध्यात पावणेदहा-दहाच्या सुमाराला, एप्रिलच्या दहा तारखेला सव्वाआठच्या आसपास. मी मार्च पसंत करतो. जानेवारीचं आकाश दिसायला छान, पण त्या दिवसांत दव पडतं आणि फाइंडरची काच पुसण्यातच वेळ जातो. थोडी धुरकट, दमट, वारा नसलेली रात्र जोडताऱ्याला वाईट नसते. तारे अंधुक होतात, पण थरथरत नाहीत.

पन्नासपट वर्धन लावलं की जोडी सरळ दोन दिसते. आमच्या मजल्यावरचा एक सहावीतला मुलगा आयपीसला डोळा लावून म्हणाला, "काका, एक बल्बसारखा आहे आणि एक ट्यूबलाइटसारखा." याहून नेमकं वर्णन मला सुचलेलं नाही. रंग खुलवायचा असेल तर फोकस अगदी किंचित बिघडवायचा. बिंदूचा ठिपका झाला की रंग डोळ्याला कळतो. धाकट्याचा निळेपणा थोडा खरा आणि थोडा पिवळ्याच्या शेजारामुळे वाटणारा. रंगाची नोंद वहीत जरूर करा, तापमान मात्र त्यावरून काढू नका.

स्टॉपवॉचने अंतर

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे आकडा आपला स्वतःचा असतो.

तारा आयपीसमधून सरकतो तो विषुववृत्ताजवळ सेकंदाला १५.०४ विकला या वेगाने. क्रांती वाढली की वेग कोसाइनने कमी होतो. आयोटासाठी तो १३.१८ विकला दर सेकंदाला. आयपीसच्या आत जी गोल कड असते, तिच्यावर वायरमधली एक बारीक तांब्याची तार ताणून चिकटवायची. काळ्या आकाशात ती दिसत नाही, पण मुंबईत आकाश काळं असतं कुठे? दिव्यांच्या उजेडाचा एवढा एकच उपयोग मला सापडला आहे.

आयपीस फिरवत राहा, थोरला तारा तारेवरूनच सरळ धावतोय असं होईपर्यंत. ही झाली पूर्व-पश्चिम रेषा. तिथून नव्वद अंश फिरवला की तार उत्तर-दक्षिण झाली. आता मोटर बंद ठेवून दोन्ही तारे तिच्यावरून जाऊ द्यायचे. आधी कोण पोचतो हे बघून ठेवा: धाकटा. तो पश्चिमेला आहे म्हणून पुढे चालतो. डायगोनल आरशामुळे चित्र उलटं-सुलटं होवो, आधी कोण आणि नंतर कोण हे बदलत नाही. मी पहिल्या वर्षी आरशातलं चित्र वहीत काढून दिशेचा कोन ३०८ ऐवजी ५२ लिहिला होता, तेव्हापासून हा क्रम आधी टिपतो.

दोघांच्या जाण्यात सुमारे १.८ सेकंदांचा फरक असतो. एका वेळी मोजलं तर बोटाची चूकच ०.१-०.२ सेकंद, म्हणून वीस वेळा मोजून सरासरी घ्यायची. माझी एका रात्रीची सरासरी १.८४ सेकंद आली. गुणिले १३.१८, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर २४.२ विकला. मोबाइलने आयपीसमधून व्हिडिओ घेऊन फ्रेम मोजल्या तर बोटाची चूक जाते. सेकंदाला तीस फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ०.४४ विकला.

आता कोन. फोकसरभोवती कोनमापकाची झेरॉक्स चिकटवा, तार दोन्ही ताऱ्यांना जोडेल अशी फिरवा, आणि पूर्व-पश्चिम रेषेपासून किती अंश फिरली ते वाचा. साधारण ३८ अंश, पश्चिमेकडून उत्तरेकडे. उत्तरेपासून पूर्वेमार्गे मोजायची रीत असल्याने हा होतो २७० अधिक ३८, म्हणजे ३०८. खरं अंतर म्हणजे २४.२ भागिले ३८ चा कोसाइन (०.७८८), ३०.७ विकला. यादीतला आकडा ३०.५. अर्ध्या विकलेच्या आत आलं की त्या रात्री मी बिस्किटाचा पुडा फोडतो.

ही जोडी एकोणिसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हच्या जोडताऱ्यांच्या यादीत १२६८ व्या क्रमांकावर आहे. आज जोडताऱ्यांची मोठी जागतिक यादी वॉशिंग्टनची. अमेरिकेच्या नौदलाची वेधशाळा ती सांभाळते आणि तिच्यात दीड लाखांवर जोड्या आहेत. त्यातल्या कितीतरी जोड्या निव्वळ दृष्टिभ्रम आहेत. म्हणून पुढची पायरी.

खरंच एकमेकांचे आहेत का

आकाशात शेजारी दिसणं म्हणजे नातं नव्हे. दादर स्टेशनच्या पुलावर खांद्याला खांदा लावून चालणारे दोघे एकाच घरचे असतीलच असं नाही. विल्यम हर्शलने १८०३ मध्ये दाखवलं की कॅस्टरसारख्या जोड्यांतले तारे एकमेकांभोवती खरोखर फिरतात. त्याआधी, १७६७ मध्ये, जॉन मिचेलने केवळ संभाव्यतेच्या गणितावरून म्हटलं होतं की इतके तारे योगायोगाने इतके जवळ दिसणं शक्य नाही. आपल्याला आज गाया उपग्रहाची मोजणी आयती मिळते. डिसेंबर २०१३ मध्ये उडालेल्या या उपग्रहाने जानेवारी २०२५ पर्यंत वेध घेतले. त्याची तिसरी मोठी यादी जून २०२२ मध्ये आली, तिच्यात सुमारे १८० कोटी स्रोत आहेत. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या केंद्राचं सिम्बाद हे संकेतस्थळ उघडून ताऱ्याचं नाव टाकलं की पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची दिसणारी किंचित सरक, जिच्यावरून अंतर कळतं), निजगती (ताऱ्याचं स्वतःचं आकाशातलं दरवर्षीचं सरकणं), रंग सगळं समोर येतं. पैसे लागत नाहीत.

दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पराशय आपापल्या चुकीच्या मर्यादेत सारखे हवेत. आणि निजगतीतला फरक इतका लहान हवा की दोघे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणात अडकून राहू शकतील. "इतका लहान" म्हणजे किती, हे बहुतेक लोक अंदाजाने ठरवतात. अंदाज नको, गणित सोपं आहे. सूर्याभोवती पृथ्वी सेकंदाला २९.८ किलोमीटर वेगाने फिरते. जोडीचं एकूण वस्तुमान सूर्याच्या पटीत घ्या, त्याला दोघांतल्या अंतराने (पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत) भागा, वर्गमूळ काढा, २९.८ ने गुणा. हा झाला वर्तुळाकार कक्षेतला वेग. त्याला १.४१ ने गुणलं की सुटून जाण्याचा वेग.

आयोटाचं अंतर सुमारे १०० पार्सेक, म्हणजे ३३० प्रकाशवर्षं. एक विकला गुणिले एक पार्सेक म्हणजे एक पृथ्वी-सूर्य अंतर, त्यामुळे ३०.५ विकलांचे झाले ३,०५० पृथ्वी-सूर्य अंतरं. निदान एवढं तरी, कारण आपल्याला फक्त आडवं अंतर दिसतं, खोलीतलं नाही. वस्तुमानांची बेरीज ५.६ सूर्य धरली (ती कुठून आली ते पुढे येईल) तर फिरण्याचा वेग सेकंदाला १.३ किलोमीटर, सुटण्याचा १.८. शंभर पार्सेकवर वर्षाला एक मिलिविकला (विकलेचा हजारावा भाग) म्हणजे सेकंदाला ०.४७ किलोमीटर. तेव्हा निजगतीत फरक वर्षाला साधारण पावणेचार मिलिविकलांपेक्षा जास्त निघाला असता तर ही जोडी मोडीत काढावी लागली असती.

याच आकड्यांतून केप्लरच्या नियमाने एक फेरी पुरी व्हायला सुमारे सत्तर हजार वर्षं लागतात. दोनशे वर्षांत अंशभर वळण. म्हणून आपल्या वहीतला आकडा आणि स्ट्रूव्हच्या काळातला आकडा जवळपास तेच राहतात, आणि कक्षेवरून वस्तुमान काढण्याचा राजमार्ग इथे बंद होतो.

हंसातल्या अल्बिरिओची गोष्ट इथे आठवते. दुर्बिणीतली सगळ्यात देखणी जोडी, पिवळा राक्षस आणि निळा जोडीदार. नवख्यांना आम्ही आधी तीच दाखवतो. पण ते दोघे खरंच बांधलेले आहेत का, यावर अजून वाद आहे. देखणेपणा हा पुरावा नव्हे.

पराशयापासून त्रिज्येपर्यंत

आता सलग गणित. एक्सेलचे चार-पाच रकाने पुरतील.

गाया पराशय मिलिविकलांत देतो. अंतर पार्सेकमध्ये हवं तर १,००० भागिले पराशय. हे हजार मी एकदा विसरलो. अंतर आलं ०.१ पार्सेक, म्हणजे आल्फा सेंटॉरीपेक्षाही तेरापट जवळ, आणि राक्षसाची त्रिज्या पृथ्वीच्या जेमतेम अडीचपट. रात्री एक वाजता मला तो क्षणभर मोठा शोध वाटला होता.

आयोटासाठी पराशय १० च्या आसपास, म्हणून अंतर १००. शंभर पार्सेक म्हणजे निरपेक्ष प्रत (तारा दहा पार्सेकवर असता तर दिसली असती ती) काढताना दिसत्या प्रतीतून नेमके ५ वजा. थोरला ४.० वरून उणे १.० वर येतो, धाकटा ६.६ वरून १.६ वर. इतर अंतरांसाठी दिसती प्रत अधिक ५ वजा ५ गुणिले अंतराचा लॉग.

पण ही फक्त डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची प्रत झाली. थंड तारा बराचसा प्रकाश अवरक्तात टाकतो, तोही हिशेबात धरायला हवा. त्यासाठीची दुरुस्ती तापमानावर अवलंबून असते: ४,९५० केल्विनच्या आसपास सुमारे ०.३ प्रत, ४,४०० ला ०.६, ३,९५० च्या जवळ पूर्ण १. धाकट्यासारख्या ए३ प्रकारच्या पांढऱ्या ताऱ्याला जवळजवळ शून्य (ए, जी, एम हे ताऱ्यांचे वर्णपटावरून पाडलेले वर्ग). ही सगळ्यांत जास्त विसरली जाणारी पायरी, आणि राक्षसांच्या बाबतीत सगळ्यांत महागात पडणारी. एम प्रकारच्या लाल राक्षसात ती विसरली तर दीप्ती, म्हणजे ताऱ्याचं एकूण तेज, तिपटीने चुकू शकते.

थोरला जी८ प्रकारचा, तापमान ४,९०० ते ४,९५० केल्विन. रंगांक, म्हणजे निळ्या (बी) आणि पिवळट-हिरव्या (व्ही) गाळण्यांतून दिसणाऱ्या प्रतींमधला फरक, १.० च्या आसपास. रंगांकावरून तापमान देणारी सरळसोट सूत्रं नेटवर मिळतात. मी वापरतो त्यातून ४,७५० येतं, वर्णपटावरून ४,९००-४,९५०. दोनशे केल्विनचा फरक किरकोळ वाटतो ना? पुढे बघा.

उणे १.० मधून ०.३ वजा, उणे १.३. सूर्याची अशी एकूण प्रत ४.७४. फरक ६.०४. त्याला २.५ ने भागून दहाचा घात घेतला की दीप्ती: सुमारे २६० सूर्य. त्रिज्या म्हणजे दीप्तीचं वर्गमूळ गुणिले (५,७७२ भागिले तापमान) याचा वर्ग. वर्गमूळ १६.१, तापमानाचा भाग १.३६. उत्तर २२ सूर्यत्रिज्या. तापमान ४,७५० धरलं असतं तर २४. तापमान वर्गात येतं, म्हणून त्यातली चार टक्के चूक त्रिज्येत आठ टक्के होऊन बसते.

बावीस सूर्यत्रिज्या म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराचा दहावा भाग. आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर बुधाच्या कक्षेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत येईल. "राक्षस" म्हटल्यावर लोकांना पृथ्वी गिळणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, तेवढा हा नाही. आणि शंभर पार्सेकवरून त्याचा व्यास दोन मिलिविकला, तेव्हा आयपीसमध्ये ती तबकडी दिसेल या आशेवर वर्धन वाढवत बसू नका.

धाकट्याचं तेच गणित: एकूण प्रत १.६, दीप्ती १८ सूर्य, तापमान ८,६०० केल्विनच्या आसपास, त्रिज्या १.९ सूर्य. म्हणजे प्रतीत अडीचचा फरक आणि आकारात अकरापट. आयपीसमध्ये दोघेही बिंदूच.

साक्षीदाराची जबानी

मुख्य श्रेणीवरच्या ताऱ्याची दीप्ती साधारण वस्तुमानाच्या साडेतीनाव्या घाताने वाढते. उलट केलं की १८ सूर्य दीप्तीच्या ताऱ्याचं वस्तुमान २.२ ते २.३ सूर्य. हा नियम राक्षसाला लावायचा नाही, कधीच नाही. २६० दीप्तीला लावला तर जवळपास पाच सूर्य येतं आणि ते चूक आहे. तो तारा तेजस्वी आहे कारण तो फुगलाय.

मग राक्षसाचं काय? दोघे एकत्र जन्मले असतील तर जो जड तो आधी संपतो. तारा जितका जड तितकं त्याचं इंधन जास्त, पण खर्च त्याहून कितीतरी जास्त. २.२ सूर्याचा तारा सुमारे शंभर कोटी वर्षं मुख्य श्रेणीवर राहतो. थोरला आधीच बाहेर पडलाय, म्हणजे तो २.३ पेक्षा नक्की जड. ही खालची मर्यादा. आता धाकट्याकडे परत बघा: तो मुख्य श्रेणीच्या शेवटाला टेकलेला दिसत नाही, त्रिज्या फुगलेली नाही. म्हणजे जोडीचं वय शंभर कोटींपेक्षा बरंच कमी आणि थोरला धाकट्यापेक्षा थोडा नव्हे, चांगलाच जड असला पाहिजे. ४,९५० केल्विन आणि २६० दीप्ती या जागेवरून जाणाऱ्या उत्क्रांतीच्या वाटा (वयानुसार ताऱ्याचं तेज-तापमान कसं बदलतं ते दाखवणाऱ्या रेषा) बघितल्या की तीन ते साडेतीन सूर्याची पट्टी उरते. ३.४ धरूया. तशा ताऱ्याचं वय वीस ते पन्नास कोटी वर्षांच्या दरम्यान. वर कक्षेसाठी घेतलेले ५.६ सूर्य म्हणजे ३.४ आणि २.२ यांची बेरीज.

वस्तुमान आणि त्रिज्या हातात आल्यावर दोन आकडे काढायचा मोह आवरत नाही. पृष्ठभागावरचं गुरुत्व म्हणजे ३.४ भागिले २२ चा वर्ग, सूर्याच्या ०.००७ पट. सेकंद-वर्गाला १.९ मीटर, म्हणजे आपल्या चंद्रापेक्षा किंचित जास्त. आणि सरासरी घनता, ३.४ भागिले २२ चा घन, येते घनसेंटिमीटरला ०.०००४५ ग्रॅम. गच्चीवर आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या निम्म्यानेही नाही. गाभा अर्थात भयंकर दाट असतो, पण बाकीचा राक्षस हवेपेक्षा विरळ आहे.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात खगोलशास्त्र ऑलिंपियाडची शिबिरं होतात. तिथे जाऊन आलेलं पोर तुमच्या इमारतीत असेल तर हे रकाने त्याला तपासायला द्या. माझी दुरुस्तीच्या चिन्हातली चूक अशाच एका अकरावीतल्या मुलीने पकडली.

खऱ्या अंधुक जोडीवर जाताना

आयोटा मुंबईकरांसाठी अंधुक, यादीत मात्र ठळकच. नवव्या-अकराव्या प्रतीची जोडी घेतली की दोन गोष्टी बदलतात, आणि दोन्ही ठिकाणी धाकटाच उपयोगी पडतो. वेध घ्यायला मात्र मुंबई सोडावी लागते. कर्जत लोकलने वांगणीला उतरून थोडं आत गेलं तरी फरक कळतो, मुंबईचे हौशी निरीक्षक वर्षानुवर्षं तिथे रात्री काढत आले आहेत.

समजा, आकडे मनचेच घेऊ, थोरला ९.२, धाकटा ११.४, अंतर ८ विकला, पराशय १.२५ मिलिविकला. म्हणजे ८०० पार्सेक. गायाची चूक इथे ०.०२-०.०३ मिलिविकला, त्यामुळे अंतरात दोन टक्क्यांची खोट. गायाच्या पराशयात मुळातच काही शतांश मिलिविकलांची ठरलेली घट असते, तिची दुरुस्तीही इथे लावायला हवी. शंभर पार्सेकवर ती दुर्लक्ष करण्याजोगी, आठशेवर नाही. दोघांत निदान ६,४०० पृथ्वी-सूर्य अंतरं, एकूण वस्तुमान पाच सूर्य धरलं तर सुटण्याचा वेग सेकंदाला १.२ किलोमीटर, म्हणजे निजगतीत वर्षाला जेमतेम ०.३ मिलिविकला. कसोटी अचानक किती कडक झाली बघा. "निजगती साधारण सारखी" एवढ्यावर इथे भागत नाही.

दुसरी गोष्ट धूळ. आठशे पार्सेकच्या वाटेवर धूळ प्रकाश मंदही करते आणि लालही करते, म्हणून राक्षस खऱ्यापेक्षा अंधुक आणि थंड वाटतो. राक्षसाच्या रंगावरून धूळ कळत नाही, कारण त्याचा मूळ रंगच आपण शोधतोय. धाकटा वर्णपटावरून ए३ असेल तर त्याचा मूळ रंगांक ०.०८ असायला हवा. दिसतो ०.१८. जास्तीचा ०.१० धुळीचा, आणि त्याला ३.१ ने गुणलं की ०.३ प्रत मंदावलेली. तीच दुरुस्ती थोरल्याला, दोघे एकाच धुळीच्या मागे आहेत. थोरल्याची निरपेक्ष प्रत उणे ०.३ वरून उणे ०.६ वर जाते. धूळ विसरलो असतो तर दीप्ती पाव हिश्श्याने कमी आली असती.

जोडी साडेतीन विकलांपेक्षा जवळची असेल तर गायाच्या निळ्या आणि लाल रकान्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, दोघांचा प्रकाश एकमेकांत मिसळलेला असू शकतो. रूवे नावाचा रकाना (तारा एकटाच आहे असं धरून केलेला गायाचा हिशेब वेधांशी किती जुळतो त्याचं माप) १.४ च्या वर असेल तर त्या ताऱ्याचा पराशय संशयास्पद. बऱ्याचदा त्याला आपल्याला न दिसणारा आणखी एक जवळचा सोबती असतो.

तिसरा

असा न दिसणारा सोबती खुद्द आयोटाच्या घरातही असावा असं मानलं जातं. थोरल्याच्या वर्णपटात बेरियमच्या रेषा हव्यात त्यापेक्षा ठळक आहेत, त्याची गणना सौम्य बेरियम ताऱ्यांत होते. बेरियमसारखी जड मूलद्रव्यं तारा राक्षसपणाच्या शेवटच्या अवस्थेत आपल्या पोटात बनवतो, आणि आपला थोरला अजून तिथवर पोचलेला नाही. मग हे बेरियम त्याला कुणीतरी दिलं. देणारा तारा त्याच्यापेक्षाही आधी म्हातारा झाला, बाहेरचे थर थोरल्यावर ओतून गेला आणि आता श्वेतबटू (ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) होऊन जवळच कुठेतरी फिरत असणार. तो प्रत्यक्ष कुणाला दिसलेला नाही.

म्हणजे वरच्या हिशेबात एक पोट-टीप लागते. थोरल्याने काही वस्तुमान बाहेरून घेतलं असेल, तर त्याचं ३.४ हे जन्माचं वजन नव्हे आणि वय थोडं सरकतं. खालची मर्यादा मात्र धाकट्याने दिलेली, ती तशीच राहते.

श्वेतबटूची निरपेक्ष प्रत ११-१२ च्या आसपास असते, शंभर पार्सेकवर ती सोळा-सतरा होते. शेजारी ४.० प्रतीचा राक्षस, सुमारे लाखपट झगमगता. माझ्या एक्सेलमध्ये त्याच्यासाठी तिसरी ओळ आहे. त्रिज्येचा रकाना पृथ्वीएवढा धरून भरलाय, बाकीचे मोकळे आहेत.